विला कॅथर

विला सिबर्ट कॅथर (जन्म : ७ डिसेंबर १८७३, मृत्यू : २४ एप्रिल १९४७) या अमेरिकन कादंबरीकार, कथालेखिका व पत्रकार होत्या. अमेरिकेच्या मध्यभागातील 'प्रेअरी' या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात येऊन वसलेल्या शेतकरी कुटुंबांचे जीवन त्यांनी 'ओ पायोनियर्स!' (१९१३) व 'माय आंतोनिया' (१९१८) या कादंबऱ्यांतून चित्रित केले. 'वन ऑफ अवर्स' या कादंबरीसाठी त्यांना १९२३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. वाचकाने पुस्तक कोणाच्याही मध्यस्थीविना, स्वतः आणि शांतपणे वाचावे असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांनी शालेय आवृत्त्या, चित्रपट-रूपांतरे आणि स्वतःच्या पत्रांचे प्रकाशन यांना विरोध केला.

जन्म व बालपण

विला कॅथर यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर शहराजवळच्या बॅक क्रीक खोऱ्यात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव विलेला असे होते. वडील चार्ल्स कॅथर व आई मेरी व्हर्जिनिया यांच्या सात अपत्यांत त्या थोरल्या. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळी या घराण्यातील माणसे दोन्ही बाजूंना विभागली गेली होती.

विला यांचे आजी-आजोबा व काका आधीच नेब्रास्का राज्यात जाऊन स्थायिक झाले होते. व्हर्जिनियातील घरचा मेंढ्यांचा गोठा जळाल्यानंतर चार्ल्स यांनीही १८८३ साली सहकुटुंब नेब्रास्काची वाट धरली. डोंगर, झाडी आणि जुनी घरे यांच्या सहवासात वाढलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला हा बदल फार कठीण गेला. नजर पोहोचेल तेथवर गवत, क्वचित एखादे झाड आणि मैलामैलावर एखादे घर असे ते दृश्य होते. आरंभी या भूमीची त्यांना भीती वाटली. पुढे तिच्याविषयी जो लळा निर्माण झाला तो जन्मभर टिकला. त्यांच्या प्रेअरीवरील लेखनात भय आणि ओढ या दोन्ही भावना एकत्र नांदताना दिसतात.

सुमारे दीड वर्ष शेतावर काढल्यानंतर १८८४ साली हे कुटुंब रेड क्लाउड या लोहमार्गावरील लहान गावी राहावयास आले. वडिलांनी तेथे कर्जव्यवहार, जमीनजुमला व विमा यांचा व्यवसाय सुरू केला.

प्रेअरीतील वसाहतीची पार्श्वभूमी

कॅथर यांच्या कादंबऱ्या समजून घेण्यासाठी त्या भागातील जमीनधारणेची पद्धत लक्षात घ्यावी लागते. १८६२ साली अमेरिकन सरकारने 'होमस्टेड कायदा' संमत केला. या कायद्याने अल्प शुल्क भरणाऱ्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन मिळू शके. मात्र त्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहणे व ती कसणे बंधनकारक होते. लोहमार्ग कंपन्यांनाही सरकारने मोठ्या प्रमाणावर जमिनी दिल्या होत्या. त्या विकण्यासाठी कंपन्यांनी युरोपात जाहिराती केल्या. परिणामी स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी आणि बोहेमिया (आजचा चेक प्रजासत्ताकाचा भाग) येथून हजारो कुटुंबे नेब्रास्कात आली.

प्रत्येकाने आपापल्या जमिनीवरच राहावे या अटीमुळे तेथे गावठाण निर्माण झाले नाही. शेजाऱ्याचे घर अर्धा-एक मैल दूर असे, त्याची भाषा बहुधा वेगळी असे आणि हिवाळ्यात बर्फामुळे आठवडेच्या आठवडे वाट बंद राही. इमारती लाकडाच्या अभावी अनेक कुटुंबे गवताच्या मुळांसह कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या घरांत अथवा टेकडीच्या उतारात खोदलेल्या खोपटांत राहत. गवताच्या मुळांचे जाळे इतके दाट असे की पहिली नांगरट करणे हेच मोठे कष्टाचे काम होते. अवर्षण, टोळधाड, गारपीट आणि कर्ज यांमुळे अनेकांनी जमिनी सोडून दिल्या. जे टिकून राहिले त्यांची कथा कॅथर यांनी लिहिली.

याच भूमीवर पूर्वी पॉनी व इतर आदिवासी जमातींचे वास्तव्य होते. वसाहतवाल्यांच्या आगमनाबरोबर त्यांना आपली भूमी सोडावी लागली आणि १८७०च्या दशकात पॉनी लोकांना आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात हलविण्यात आले.

शिक्षण

रेड क्लाउडमध्ये विला यांना पुस्तके पुरविणारे व भाषा शिकविणारे शेजारी लाभले. वीनर या ज्यू दांपत्याने आपला ग्रंथसंग्रह त्यांना खुला करून दिला. विल्यम डकर नावाच्या गृहस्थांनी त्यांना लॅटिन व ग्रीक वाचावयास शिकविले. याच सुमारास त्या केस आखूड ठेवीत, स्वतःचे नाव विल्यम असे लिहीत आणि डॉक्टर होण्याची इच्छा बाळगीत. लहान गावातील काही लोकांना हे वागणे रुचत नसे.

आसपासच्या शेतांवरील परदेशी स्त्रियांशी गप्पा मारणे हा त्यांच्या बालपणीचा आवडता उद्योग होता. घोड्यावरून फिरत त्या या स्त्रियांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसत. इंग्रजी अपुरे असलेल्या त्या वृद्ध स्त्रिया मायदेशच्या आठवणी सांगत, आणि त्यांतील न सांगितलेला भागही या मुलीला उमजत असे. गावात मायनर कुटुंबाकडे घरकामास असलेली ॲना सॅडिलेक ही बोहेमियन मुलगी त्यांची मैत्रीण झाली. ॲनाचे वडील फ्रान्सिस सॅडिलेक यांनी अमेरिकेत आल्यानंतर काही महिन्यांतच, ऐन हिवाळ्यात आत्महत्या केली होती. ही हकीकत विला यांनी नेब्रास्कात आल्यावर लवकरच ऐकली. तिचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला.

१८९० साली शालेय शिक्षण पूर्ण करून त्या लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाल्या. विज्ञानाचा अभ्यास करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु १८९१ साली थॉमस कार्लाइल यांच्यावरील त्यांचा निबंध एका वृत्तपत्रात छापून आला आणि त्यांनी लेखनाकडे वळण्याचे ठरविले. विद्यार्थिदशेतच त्या नाट्यसमीक्षा लिहून अर्थार्जन करू लागल्या. सॅडिलेक यांच्या आत्महत्येवर आधारलेली 'पीटर' ही त्यांची कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. १८९५ साली त्या पदवीधर झाल्या.

पत्रकारिता व अध्यापन

१८९६ साली कॅथर पिट्सबर्ग येथे एका गृहोपयोगी मासिकाच्या संपादनकार्यासाठी गेल्या व पुढे तेथील एका दैनिकात काम करू लागल्या. १९०१ ते १९०६ या काळात त्यांनी पिट्सबर्गमधील माध्यमिक शाळांत लॅटिन व इंग्रजी हे विषय शिकविले. तेथे न्यायाधीश मॅक्क्लंग यांच्या घरी त्यांचे वास्तव्य होते. त्यांची कन्या इझाबेल ही विला यांची आयुष्यभराची जिवलग मैत्रीण ठरली. याच काळात 'एप्रिल ट्वायलाइट्स' (१९०३) हा कवितासंग्रह व 'द ट्रोल गार्डन' (१९०५) हा कथासंग्रह प्रकाशित झाला.

१९०६ साली एस. एस. मॅक्क्लुअर यांनी त्यांना न्यूयॉर्कमधील आपल्या प्रसिद्ध मासिकात नेमले. थोड्याच वर्षांत त्या तेथे व्यवस्थापकीय संपादक झाल्या. त्या काळी एका स्त्रीकडे असे पद असणे ही असामान्य गोष्ट होती. तथापि संपादनाच्या धबडग्यात स्वतःचे लेखन मागे पडू लागले. १९०८ साली त्यांची ज्येष्ठ लेखिका सारा ऑर्न ज्युएट यांच्याशी ओळख झाली. नोकरीतून मोकळे होऊन आपल्या अंतरंगाशी निगडित असलेल्या विषयावर लिहावे, असा सल्ला ज्युएट यांनी दिला. पुढच्याच वर्षी ज्युएट निवर्तल्या; कॅथर यांनी मात्र तो सल्ला विसरला नाही.

प्रेअरीवरील कादंबऱ्या

'अलेक्झांडर्स ब्रिज' (१९१२) ही कॅथर यांची पहिली कादंबरी शहरी सुशिक्षित समाजावर आधारलेली होती. ती प्रसिद्ध झाली त्याच वर्षी त्या ॲरिझोनातील आपल्या भावाकडे गेल्या आणि परतताना नेब्रास्कात राहिल्या. या प्रवासानंतर त्यांनी नेब्रास्कातील शेतकऱ्यांवर लिहावयास घेतले. शेतकरी, त्यातही इंग्रजी धड न बोलणारे परदेशी शेतकरी, हा गंभीर साहित्याचा विषय होऊ शकतो हे त्या वेळच्या वाङ्‌मयीन वर्तुळाला सहसा मान्य नव्हते.

'ओ पायोनियर्स!' या कादंबरीत ॲलेक्झांड्रा बर्गसन ही स्वीडिश शेतकऱ्याची मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर शेती हाती घेते. दुष्काळात तिचे भाऊ जमीन विकण्याच्या गोष्टी बोलत असताना ती जमीन गहाण ठेवून आणखी जमीन घेते आणि पुढे संपन्न होते. ती विवाहाचा विचार करू लागताच हेच भाऊ तिच्या मालमत्तेवर घरातील पुरुषांचा हक्क सांगू लागतात. धाकट्या भावाचे शेजारच्या विवाहित स्त्रीवरील प्रेम आणि त्यातून घडलेली दोघांची हत्या हे कथानकाचे दुसरे सूत्र आहे. ही कादंबरी कॅथर यांनी ज्युएट यांच्या स्मृतीस अर्पण केली.

१९१५ साली 'द साँग ऑफ द लार्क' ही गायिकेच्या जडणघडणीवरील कादंबरी आली. त्यानंतरची 'माय आंतोनिया' ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कृती होय. पोरका होऊन व्हर्जिनियाहून आजी-आजोबांकडे आलेला जिम बर्डन हा तिचा निवेदक आहे. आंतोनिया शिमेर्डा हे पात्र ॲना सॅडिलेकवरून उभे केले आहे. वडिलांची आत्महत्या, भावाबरोबर पुरुषासारखे शेतात राबणे, गावात मोलकरीण म्हणून काढलेली वर्षे, एका रेल्वे कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक आणि कुमारी माता म्हणून घरी परतणे, अशा अनेक आघातांतून आंतोनिया जाते. अखेरीस ती एका बोहेमियन शेतकऱ्याशी संसार थाटते. वीस वर्षांनी जिम तिला भेटतो तेव्हा ती मुलाबाळांनी आणि फळबागेने वेढलेली असते. शिकून वकील झालेल्या जिमचे आयुष्य त्या मानाने रितेच राहिलेले असते, हे लेखिकेने कोठेही उघड न सांगता सूचित केले आहे.

या कादंबरीला रूढ अर्थाचे कथानक नाही. आठवणी एकामागून एक येत राहतात. काही वाचकांना ही रचना सैल वाटली, तर एच. एल. मेंकेन यांच्यासारख्या प्रभावी समीक्षकाने तिचे मनापासून स्वागत केले. कॅथर यांनी आपली भूमिका १९२२ सालच्या एका निबंधात मांडली. कादंबरीतून तपशिलांचे अनावश्यक सामानसुमान काढून टाकावे, आणि शब्दांत न उच्चारलेले परंतु वाचकाला जाणवणारे असे काही मागे उरावे, असे त्यांचे मत होते.

'वन ऑफ अवर्स' आणि वाचकांचे दोन तट

पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, कॅथर यांचा चुलतभाऊ जी. पी. कॅथर फ्रान्समधील कँतिन्यी येथे धारातीर्थी पडला. त्याने आईला लिहिलेली पत्रे विला यांनी वाचली आणि १९२० साली फ्रान्सला जाऊन त्यांनी त्याच्या कबरीचे दर्शन घेतले. नेब्रास्कातील शेतावर कोंडमारा सोसणारा आणि युद्धात जीवनाचा अर्थ सापडला असे मानणारा तरुण त्यांनी 'वन ऑफ अवर्स' (१९२२) मध्ये रंगविला.

या पुस्तकाने वाचकांत उभी फूट पडली. पुस्तकाची विक्री मोठी झाली, पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि सैनिकांची व त्यांच्या घरच्या माणसांची पत्रे लेखिकेकडे आली. दुसरीकडे अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी खाजगी पत्रात यातील युद्धप्रसंगांची टर उडविली. ते प्रसंग चित्रपटावरून घेतलेले आहेत असा त्यांचा आरोप होता. युद्धातील स्त्रीचे लेखन खरे असूच शकत नाही, असा सूर अनेक पुरुष समीक्षकांनी लावला. कादंबरीचा नायक युद्धाविषयी भ्रमात आहे आणि लेखिकेला त्याची जाणीव आहे, हे वाचन पुढच्या पिढ्यांत रूढ झाले.

उत्तरायुष्य

'अ लॉस्ट लेडी' (१९२३) या लघुकादंबरीत वसाहतकाळातील उदार पिढीचा अस्त आणि नफेखोर पिढीचा उदय चित्रित झाला आहे. त्यातील नायिका गव्हर्नर सायलस गार्बर यांच्या पत्नीवर बेतलेली होती, हे रेड क्लाउडमधील लोकांनी ओळखले. त्यानंतर 'द प्रोफेसर्स हाउस' (१९२५) आणि न्यू मेक्सिकोतील फ्रेंच धर्मोपदेशकांवरील 'डेथ कम्स फॉर द आर्चबिशप' (१९२७) या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. १९३० साली साहित्याचे नोबेल पारितोषिक स्वीकारताना सिंक्लेअर लुइस यांनी आपल्या भाषणात कॅथर यांचा गौरवपूर्वक उल्लेख केला. १९३१ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्या विद्यापीठाकडून असा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

महामंदीच्या काळात वातावरण बदलले. समाजातील दारिद्र्य व संघर्ष यांकडे पाठ फिरवून ही लेखिका भूतकाळात रमते, अशी टीका ग्रॅनव्हिल हिक्स यांनी १९३३ साली केली. ही टीका कॅथर यांच्या जिव्हारी लागली. परंतु याच वर्षांत त्या नेब्रास्कातील अडचणीत आलेल्या ओळखीच्या शेतकरी कुटुंबांना गाजावाजा न करता पैसे पाठवीत होत्या. विवाहानंतर ॲना पॅव्हेल्का झालेल्या त्यांच्या बालमैत्रिणीचे कुटुंबही त्यांत होते.

१९०८ पासून कॅथर यांनी संपादिका एडिथ लुइस यांच्यासमवेत न्यूयॉर्कमध्ये घर केले. हे साहचर्य अखेरपर्यंत टिकले. १९८०च्या दशकापासून अभ्यासकांनी या नात्याचा आणि कॅथर यांच्या लेखनातील लिंगभावाचा विस्ताराने विचार केला आहे. १९३८ साली भाऊ डग्लस व मैत्रीण इझाबेल या दोघांचे निधन झाले. उजव्या हाताच्या दुखण्यामुळे लेखनही मंदावले. 'सॅफिरा अँड द स्लेव्ह गर्ल' (१९४०) या शेवटच्या कादंबरीत त्या जन्मभूमी व्हर्जिनियाकडे व गुलामगिरीच्या विषयाकडे वळल्या. २४ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. न्यू हॅम्पशायर राज्यातील जाफ्री येथे त्यांना दफन करण्यात आले. एडिथ लुइस यांनाही १९७२ साली त्यांच्या शेजारीच विसावा मिळाला.

वाचकांविषयीची भूमिका

आपले पुस्तक सक्तीने वाचावयास लावले तर विद्यार्थ्याच्या मनात त्याविषयी तिटकारा निर्माण होईल, या विचाराने कॅथर शालेय संकलनांना परवानगी देण्याचे टाळीत. स्वतः शिक्षिका राहिलेल्या लेखिकेची ही भूमिका लक्षणीय आहे. स्वस्त आवृत्त्यांनाही त्यांचा विरोध असे. 'अ लॉस्ट लेडी'वर १९२४ व १९३४ साली चित्रपट निघाले. दुसऱ्याने त्यांची इतकी निराशा झाली की पुढे त्यांनी रूपांतराचे हक्क कोणासही दिले नाहीत. याला एक महत्त्वाचा अपवाद होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोफत वाटल्या जाणाऱ्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांच्या मालिकेत त्यांनी आपल्या पुस्तकांचा समावेश होऊ दिला. आघाडीवरून आलेल्या पत्रांना उत्तरे देण्यात त्यांनी बरीच शक्ती खर्च केली.

मृत्युपत्रात त्यांनी आपली पत्रे छापण्यास व त्यांतील मजकूर उद्धृत करण्यास मनाई केली होती. त्यामुळे सहा दशकांहून अधिक काळ अभ्यासकांना पत्रांचा केवळ सारांश देता येई. २०११ साली विश्वस्त असलेल्या त्यांच्या पुतण्याचे निधन झाल्यावर हे बंधन सैल झाले व २०१३ साली निवडक पत्रांचा खंड प्रसिद्ध झाला. लेखिकेची स्पष्ट इच्छा मोडावी काय, यावर त्या वेळी वाचकांत मोठा वाद झाला. तिच्या विचारविश्वाचे दर्शन घडले म्हणून अनेकांनी या प्रकाशनाचे स्वागतही केले.

टीका

कॅथर यांच्या कादंबऱ्यांत प्रेअरी ही जणू निर्मनुष्य, नांगराची वाट पाहणारी भूमी म्हणून अवतरते. तेथून हलविलेल्या आदिवासींचा उल्लेख अगदी त्रोटक येतो. कृष्णवर्णीय व ज्यू पात्रांच्या काही चित्रणांत त्या काळचे पूर्वग्रह उमटले आहेत, असेही आधुनिक समीक्षकांनी दाखवून दिले आहे. याउलट ज्या परदेशी शेतकऱ्यांची त्या काळी हेटाळणी होत असे, त्यांना त्यांनी पूर्ण मानवी प्रतिष्ठा दिली, हेही तितकेच मान्य केले जाते.

खानदेशातील वाचकांच्या दृष्टीने

अमेरिकन यादवी युद्धात तेथील कापसाची निर्यात खंडित झाल्याने खानदेशात कापसाला विलक्षण भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. भुसावळहून बोदवड, मलकापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. नेब्रास्का त्याच वर्षी राज्य झाले. दोन्ही प्रदेशांतील शेतकऱ्याचे नशीब अशा रीतीने आगगाडी, दूरच्या बाजारपेठा आणि पाऊस यांच्याशी एकाच काळात बांधले गेले. भेदही तितकाच मोठा आहे. तापी-पूर्णेच्या काळ्या जमिनीत शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून शेतकरी गावठाणात, भाऊबंदांच्या सोबतीने राहतो. प्रेअरीतील वसाहतवाला एकटा होता. परक्या मुलखात कर्ज आणि एकाकीपणा यांनी खचलेल्या शेतकऱ्याची आत्महत्या व त्यानंतर मागे राहिलेल्या स्त्रीने आणि मुलीने सावरलेला संसार, हा 'माय आंतोनिया'तील भाग विदर्भ-खानदेशातील वाचकाला परका वाटत नाही. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) किंवा व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबऱ्यांबरोबर कॅथर यांचे लेखन वाचल्यास भूमी आणि माणूस यांच्या नात्याचा तौलनिक अभ्यास करता येतो.

वारसा

ओले रोल्व्हाग यांची 'जायंट्स इन द अर्थ' (इंग्रजी अनुवाद १९२७) आणि लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५) यांसह कॅथर यांच्या कादंबऱ्या प्रेअरी साहित्याच्या आधारशिला मानल्या जातात. १९५५ साली मिल्ड्रेड बेनेट यांच्या पुढाकाराने रेड क्लाउड येथे स्मारक संस्था स्थापन झाली. कॅथर यांचे बालपणीचे घर या संस्थेच्या प्रयत्नांतून जपले गेले. गावाच्या दक्षिणेस सुमारे ६१२ एकरांचा कधीही न नांगरलेला गवताळ पट्टा त्यांच्या नावाने राखला आहे. जून २०२३ मध्ये वॉशिंग्टन येथील संसद भवनात नेब्रास्का राज्याच्या वतीने कॅथर यांचा पुतळा बसविण्यात आला. तो लिटलटन ऑल्स्टन या शिल्पकाराने घडविला आहे.

प्रमुख पुस्तके

- एप्रिल ट्वायलाइट्स (कविता, १९०३)
- द ट्रोल गार्डन (कथा, १९०५)
- अलेक्झांडर्स ब्रिज (१९१२)
- ओ पायोनियर्स! (१९१३)
- द साँग ऑफ द लार्क (१९१५)
- माय आंतोनिया (१९१८)
- वन ऑफ अवर्स (१९२२)
- अ लॉस्ट लेडी (१९२३)
- द प्रोफेसर्स हाउस (१९२५)
- डेथ कम्स फॉर द आर्चबिशप (१९२७)
- शॅडोज ऑन द रॉक (१९३१)
- ऑब्स्क्युअर डेस्टिनीज (कथा, १९३२)
- ल्युसी गेहार्ट (१९३५)
- सॅफिरा अँड द स्लेव्ह गर्ल (१९४०)